जाहिरातीचा अर्थवाद

मराठीत ज्या प्रकाराला ‘जाहिरात’ म्हणतात त्यालाच हिंदीत व अन्य काही भारतीय भाषांत ‘विज्ञापन’ अशी संज्ञा आहे. पहिला शब्द अरबी ‘जाहिर’ या शब्दावरून आलेला. त्याचा मूळ अर्थ ‘प्रकट’. दुसरा संस्कृत, त्याचा अर्थ निवेदन, आणि तेही लहानाने थोरापुढे केलेले. जुन्या मराठी पत्रव्यवहारात ‘विज्ञापना’ हा शब्द याच अर्थाने येतो. सेवकाने धन्यापुढे ठेवलेली नम्र विनंती म्हणजे विज्ञापना. या दोन्ही शब्दांवरून पाहता जाहिरात ही उघड, विनयशील व माहिती देणारी वाणी असावी असे कोणासही वाटेल. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र ती या दोन्ही अर्थांपासून फार दूर गेलेली आहे. तिच्यात जे प्रकट असते ते तिचे प्रयोजन नसते, आणि तिचा आविर्भाव विनंतीचा असला तरी अंतरंग आज्ञेचे असते. हे अंतर ओळखावे कसे, हा प्रश्न व्यापारशास्त्राचा असेलही. परंतु तो मुळात वाणीचा प्रश्न आहे, आणि म्हणून साहित्यशास्त्राने त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

समीक्षेने या लेखनप्रकाराकडे सहसा उपेक्षेनेच पाहिले. त्याचे कारण उघड आहे. जे विक्रीसाठी लिहिले जाते त्यात वाङ्मयीन मूल्य ते काय असणार, असा हा पूर्वग्रह आहे. पण मूल्य नसले तरी सामर्थ्य असू शकते. सामान्य नागरिकाच्या डोळ्यांखालून दिवसभरात जो मजकूर जातो त्यात कविता व कादंबरी यांचा वाटा अल्प आणि जाहिरातीचा वाटा मोठा असतो. शिवाय साहित्य व कला यांचा या व्यवसायाशी संबंध परका नाही. मुंबईच्या गिरगावात १९०५ साली स्थापन झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही भारतातील अगदी आरंभीची जाहिरातसंस्था मानली जाते. सत्यजित राय यांनी १९४३ पासून कलकत्त्यातील डी. जे. कीमर या संस्थेत काम केले. मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिणारे कवी अरुण कोलटकर यांची उपजीविका जाहिरातकलेवरच होती. एकाच हाताने दोन्ही कामे करता येतात, याचा अर्थ दोन्हींची हत्यारे पुष्कळशी सारखी आहेत. हत्यारे सारखी असताना कार्य भिन्न कसे होते, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

१

मन वळविण्याच्या साधनांचा शास्त्रशुद्ध विचार म्हटला की अॅरिस्टॉटलचे नाव प्रथम घ्यावे लागते. वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथात त्याने तीन साधने सांगितली. वक्त्याच्या शीलामुळे उत्पन्न होणारा विश्वास, श्रोत्याच्या चित्तात जागविलेला भाव, आणि प्रत्यक्ष विधानातील युक्ती, अशी ही त्रयी आहे. जाहिरातीच्या अध्यापनात आजही हीच वर्गवारी सर्वत्र शिकविली जाते, आणि ती उपयुक्तही आहे. परंतु अॅरिस्टॉटलचा वक्ता सभेत उभा असे. तो कोण आहे, कोणाच्या बाजूने बोलतो आहे आणि काय मागतो आहे, हे श्रोत्यांस ठाऊक असे. आरोपी दोषी ठरवावा की नाही, युद्ध करावे की तह, हा प्रश्न सर्वांसमोर मांडलेला असे. श्रोता न्यायाधीशाच्या भूमिकेवरून ऐके. जाहिरातीचा वक्ता दिसत नाही. तिच्या लेखकाचे नाव कोठेही छापलेले नसते. आणि ज्याला उद्देशून ती बोलते तो श्रोता, आपण कोणत्याही सभेत बसलेलो नाही, केवळ रस्त्याने चाललो आहोत, अशा समजुतीत असतो.

वक्ता नसलेल्या आणि तरीही कृतीस प्रवृत्त करणाऱ्या वाणीचा विचार भारतीय परंपरेत एका शास्त्राने फार बारकाईने केला आहे. ते शास्त्र म्हणजे पूर्वमीमांसा. वेद अपौरुषेय, म्हणजे त्यांस कर्ता नाही, हा मीमांसकांचा सिद्धान्त. आणि वेदाचे प्रयोजन कर्मास प्रवृत्त करणे, हाही त्यांचाच सिद्धान्त. या दोहोंतून एक अडचण उभी राहिली. ‘अमुक करावे’ असे सांगणारी वाक्ये, म्हणजे विधी, सार्थ ठरली. पण वेदात अशी असंख्य वाक्ये आहेत की जी काहीही करावयास सांगत नाहीत. कोणती देवता वेगवान आहे, कोणी पूर्वी काय केले, कोणत्या कृत्यामुळे कोण रडला, अशा कथा व वर्णने त्यांत आहेत. ही वाक्ये निरर्थक मानावयाची काय? जैमिनीच्या सूत्रांच्या पहिल्या अध्यायात या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. या वाक्यांना स्वतंत्र प्रयोजन नाही हे खरे. परंतु विधीशी त्यांची एकवाक्यता आहे. विधी ज्या कर्माची आज्ञा करतो त्याचे प्राशस्त्य सांगून ती श्रोत्याचा उत्साह वाढवितात. अशा वाक्यांस ‘अर्थवाद’ म्हणतात.

जाहिरातीचे स्वरूप समजून घेण्यास याहून समर्पक संज्ञा मिळणे कठीण आहे. जाहिरात म्हणजे आमूलाग्र अर्थवाद. तिच्यातील सूर्योदय, हसणारे मूल, धावणारा घोडा, आजीच्या हातचा डबा, यांपैकी कशालाच स्वतंत्र प्रयोजन नसते. प्राशस्त्य हाच सर्वांचा लक्ष्यार्थ. मात्र एक भेद आहे, आणि तो मूलगामी आहे. मीमांसकांचा अर्थवाद उघड विधीच्या आश्रयाने उभा असतो. आज्ञा आधी सांगितलेली असते, स्तुती तिच्या पाठीमागून येते. जुन्या जाहिरातींतही विधी उघड असे. ‘आजच मागवा’, ‘एकवार वापरून पाहा’ असे वाक्य शेवटी छापलेले असे. पुढे विधी हळूहळू मागे सरकत गेला, आणि आजच्या पुष्कळ जाहिरातींत तो शब्दांनी उच्चारलाच जात नाही. अर्थवाद तेवढा उरला, विधी अध्याहृत झाला. आज्ञा ऐकू आली म्हणजे मनुष्य विचार करतो. ऐकूच आली नाही म्हणजे तिचे पालन तो स्वतःची इच्छा समजून करतो.

म्हणून जाहिरात ओळखण्याची पहिली पायरी वैयाकरणी स्वरूपाची आहे. लुप्त विधी वाक्यात परत घालावा, आणि मग स्तुतीचा विधेयाशी अन्वय लागतो काय, हे पाहावे. मूल हसते आहे, म्हणून हे तेल विकत घ्यावे: असे पूर्ण वाक्य उच्चारले की त्यातील ‘म्हणून’ हा शब्द किती पोकळ आहे, हे आपोआप कळते.

२

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अर्थवादाचे चार प्रकार सांगितले आहेत: स्तुती, निंदा, परकृती आणि पुराकल्प. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात त्यांचे विवरण केले आहे. जाहिरातीतील आवाहनांची वर्गवारी करू पाहणाऱ्यास या चौकटीत फारशी भर घालावी लागत नाही.

स्तुती म्हणजे फल सांगून प्रवृत्त करणे. ती शब्दांनीच करावी लागते असे नाही. १९७५ साली लिरिल साबणाची जी चित्रफीत प्रदर्शित झाली, तिच्यात कॅरन लुनेल ही तरुणी धबधब्याखाली स्नान करताना दिसते. अलेक पदमसी यांच्या नेतृत्वाखाली लिंटास संस्थेने ती घडविली. साबणाने मळ कसा निघतो, त्यात कोणती द्रव्ये आहेत, तो किती दिवस पुरतो, यांविषयी तीत युक्तिवाद नाही. पाणी, हिरवा रंग, आणि एका स्त्रीचा कोणासाठीही नसलेला, स्वतःपुरता आनंद, एवढेच तिचे द्रव्य. ज्या घरात एकाच न्हाणीघरात पाचसहा माणसांना घाईने बादलीभर पाण्यात स्नान उरकावे लागते, त्या घरातील स्त्रीस हे चित्र काय सांगत असेल, याची कल्पना करता येते. स्तुती साबणाची दिसते. वस्तुतः ती एकान्ताची व मोकळीकीची आहे. साबण त्या मोकळीकीशेजारी ठेवला गेला इतकेच. साहचर्यालाच कार्यकारणभाव मानावयास लावणे, हे स्तुतीचे मुख्य कौशल्य होय.

निंदा हा दुसरा प्रकार. याविषयी मीमांसकांचा एक प्रसिद्ध न्याय आहे, तो ‘नहिनिंदा’ न्याय या नावाने ओळखला जातो. निंदेचा हेतू निंद्य वस्तूची निंदा हा नसून विधेय वस्तूची स्तुती हा असतो, असे त्याचे तात्पर्य. म्हणजे निंदा ही साधनमात्र. कार्य झाले की ती विरून जावी. जाहिरातीत ती विरून जात नाही, ही सर्वांत गंभीर गोष्ट आहे. १९३०च्या दशकात हॉर्लिक्सच्या जाहिरातींनी ब्रिटनमध्ये ‘रात्रीची उपासमार’ नावाची एक व्याधी प्रचारात आणली. झोपेत शरीराची उपासमार होते आणि त्यामुळे सकाळी थकवा येतो, असे सांगण्यात आले. वैद्यकास अज्ञात असलेल्या या व्याधीला नाव मिळाले आणि नावाबरोबर रोगीही मिळाले. येथे निंदा शरीराच्या एका कल्पित उणिवेची होती. पण ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाच्या बाबतीत निंदेचा विषय काल्पनिक नव्हता; तो कोट्यवधी माणसांचा प्रत्यक्ष वर्ण होता. १९७५ साली हे मलम भारतात विक्रीस आले. सावळी म्हणून नाकारलेली मुलगी, उजळल्यावर मिळालेली नोकरी वा जुळलेला विवाह, असे कथासूत्र त्याच्या जाहिरातींत दीर्घकाळ चालले. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने त्यांना आक्षेप घेतले, आणि २००३च्या सुमारास त्यांपैकी काही मागे घेण्यात आल्या. २०२० साली तर ‘फेअर’ हा शब्दच गळून उत्पादनाचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव बदलता आले. परंतु पंचेचाळीस वर्षांत घरोघर जी निंदा उच्चारली गेली ती मागे घेण्याची सोय कोणापाशी नाही. विधेयाची स्तुती संपली, पण निंदा उरली. मीमांसकांचा न्याय येथे खोटा ठरतो, आणि तो खोटा ठरतो हाच या प्रकारच्या आवाहनाविरुद्धचा मुख्य पुरावा आहे.

तिसरा प्रकार परकृती, म्हणजे अमक्या कर्त्याने असे केले म्हणून सांगणे. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. त्या जाहिरातीत झळकणाऱ्या पहिल्या भारतीय अभिनेत्री त्याच. तेव्हापासून नटनट्या व खेळाडू यांच्या परकृतीवर भारतीय जाहिरातीचा फार मोठा भाग उभा आहे. ही परकृती केव्हा ग्राह्य मानावी? त्याचे उत्तर वात्स्यायनाने आप्ताचे जे लक्षण केले आहे त्यात मिळते. ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ असो. ज्ञान आणि प्रामाणिक इच्छा, या दोन अटी. कीर्ती ही अट नाही. नटीचे लावण्य हे साबणाविषयीचे ज्ञान नव्हे, आणि तिला मिळालेले मानधन तिच्या इच्छेविषयी शंका उत्पन्न करते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत असे म्हटले आहे, की शिफारस ही त्या व्यक्तीचे खरे मत असली पाहिजे, वस्तूविषयीच्या पुरेशा माहितीवर वा अनुभवावर ती आधारलेली असली पाहिजे, आणि उत्पादकाशी असलेला जो संबंध शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम करू शकतो तो उघड केला पाहिजे. विधिज्ञांनी न्यायभाष्य उघडून हे लिहिले असेल असे नाही. पण आप्ताच्या त्या दोन्ही अटी येथे पुन्हा कायद्याच्या भाषेत अवतरल्या आहेत, हे लक्षणीय आहे.

परकृती सर्वस्वी त्याज्य मानता येत नाही, हे एका उदाहरणावरून दिसेल. स्वदेशीच्या काळात रवींद्रनाथ ठाकुरांनी गोदरेजच्या साबणाची शिफारस केली होती, आणि ती त्यांच्या छायाचित्रासह जाहिरातीत छापली गेली. रवींद्रनाथ साबणाच्या रसायनाचे जाणकार नव्हते. परंतु त्या शिफारशीचा विषय केवळ रसायन नव्हता. विदेशी साबणापुढे देशी साबण उणा नाही आणि म्हणून तो वापरावा, असा तिचा आशय होता. देशाच्या स्वाभिमानाविषयी बोलण्याचा त्यांचा अधिकार कोण नाकारील? त्यांची परकृती अर्धी अधिकारातली व अर्धी अधिकाराबाहेरची होती, असे म्हणावे लागते. ज्याची स्तुती चालली आहे त्या विषयात वक्त्याचा अधिकार किती, हे वाक्यागणिक तपासले पाहिजे. व्यक्तीच्या थोरवीने तो प्रश्न मिटत नाही.

चौथा प्रकार पुराकल्प, म्हणजे पूर्वापार असे चालत आले आहे हे सांगणे. सणांच्या निमित्ताने येणाऱ्या जाहिराती या प्रकारात मोडतात. अक्षय्य तृतीया हा महाराष्ट्रात साडेतीन मुहूर्तांपैकी एक मानला जातो. वैशाखाच्या उन्हात पाण्याने भरलेला कुंभ दान करावा, पितरांस तर्पण करावे, त्या दिवशी दिलेले अक्षय्य होते, असा त्या दिवसाचा जुना आशय. सराफांच्या जाहिरातींत हाच दिवस सोने घेण्याचा दिवस म्हणून येतो. त्या दिवशी घेतलेले अक्षय्य होते, असा त्यांचा सूर असतो. पुराकल्पाचा आधार तोच राहिला, मुहूर्त तोच राहिला, ‘अक्षय्य’ हा शब्दही तोच राहिला. केवळ ‘देणे’ या क्रियापदाच्या जागी ‘घेणे’ आले. परंपरा खोटी ठरवावी लागली नाही. तिचे एक क्रियापद बदलले की पुरे झाले. प्राचीनतेच्या आवाहनापुढे वाचकाने विचारावयाचा प्रश्न हाच, की पूर्वी चालत आलेले आणि आज सांगितले जात असलेले कर्म एकच आहे काय.

३

या चार प्रकारांत युक्तिवादाला स्थान नाही असे वाटण्याचा संभव आहे. जाहिरात केवळ भावनेला हात घालते, बुद्धीला नाही, असा एक सार्वत्रिक समज आहेच. तो खरा नाही. १९८०च्या दशकात दूरचित्रवाणीवर आलेली सर्फ भुकटीची ‘ललिताजी’ ही युक्तिवादाचा उत्कृष्ट नमुना आहे. निरमा या स्वस्त भुकटीने बाजारपेठ व्यापली असता, महाग भुकटी विकावी कशी, हा प्रश्न होता. अलेक पदमसी यांनी कल्पिलेल्या आणि कविता चौधरी यांनी साकारलेल्या या काटकसरी गृहिणीने प्रतिस्पर्ध्याचे नावही घेतले नाही. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत भेद असतो, हे तिचे व्याप्तिवाक्य. अर्धा किलो सर्फ हे एक किलो साधारण भुकटीइतके काम देते, हा तिचा हेतू. यास्तव महाग दिसणारी वस्तूच परवडते, हे निगमन.

नैयायिकाच्या दृष्टीने पाहता यातील हेतू असिद्ध आहे. ‘साधारण भुकटी’ म्हणजे कोणती, आणि दोहोंचे काम समान ठरविले कोणी, हे सांगितलेले नाही. तथापि प्रेक्षकाला हा दोष जाणवत नाही, कारण त्याचे लक्ष हेतूकडे नसून बोलणारीच्या स्वराकडे असते. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, कोणाच्याही बोलण्याला न भुलणारी ही बाई विक्रेत्याच्या बाजूने बोलते आहे, ही गोष्टच विसरली जाते. म्हणजे बाह्यतः युक्तिवाद असलेली ही जाहिरात अंतर्यामी शीलाच्या आवाहनावर उभी आहे. अॅरिस्टॉटलची तीन साधने अलग अलग ओळखता येतात असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा अवश्य विचार करावा. कुशल जाहिरातीत एक साधन दुसऱ्याचा वेष घेऊन येते.

विधानांच्या सत्यासत्यतेची परीक्षा करण्यासाठी मीमांसकांनी आणखी एक विभागणी दिली आहे. अन्य प्रमाणाशी उघड विरोध असणारा तो गुणवाद. अन्य प्रमाणाने आधीच ज्ञात असलेले सांगणारा तो अनुवाद. आणि विरोधही नाही व अन्यत्र ज्ञातही नाही असे सांगणारा तो भूतार्थवाद. गुणवाद, म्हणजे उघड अतिशयोक्ती, ही जाहिरातीत तुलनेने निरुपद्रवी असते. अमूलच्या फलकांवर १९६६ पासून दिसणारी ठिपक्यांच्या झग्यातील मुलगी ताज्या घटनांवर श्लेष करते तेव्हा कोणीही फसत नाही. सिल्व्हेस्टर द कुन्हा यांनी सुरू केलेली ही मालिका लोकांनी करमणूक म्हणूनच स्वीकारली. १९८५ साली स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या संहितेनेही उघड व विनोदी अतिशयोक्तीस मुभा दिलेली आहे.

धोका दुसऱ्या दोन प्रकारांत आहे. खाद्यतेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलविरहित’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, ते अनुवादाचे उदाहरण. वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल मुळातच जवळजवळ नसते. ते प्राणिज पदार्थांत असते. विधान खरे आहे, पण ते सर्व वनस्पतिजन्य तेलांविषयी खरे आहे. सामान्य धर्म विशेष गुण म्हणून सांगितला की सत्य हेच फसवणुकीचे साधन बनते. ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असे वाक्य भूतार्थवादाचे. वाचकापाशी ते खोडण्याचे साधन नाही आणि पडताळण्याचेही नाही. औषधांच्या क्षेत्रात हा प्रकार सर्वाधिक घातक. म्हणूनच ‘औषधे आणि जादूचे उपाय’ यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींस आळा घालणारा कायदा १९५४ इतक्या लवकर करावा लागला. २०२२च्या तत्त्वांनी तर खुलाशाच्या बारीक अक्षरांकडेही लक्ष पुरविले. दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खुलासा असावा, असा दंडक त्यांनी घातला. दावा मराठीत आणि अट इंग्रजीत, हा अनुभव ज्या वाचकांना आहे त्यांना या दंडकाचे महत्त्व सांगावयास नको.

४

आनंदवर्धनाने प्रतीयमान अर्थाची स्थापना केली ती काव्याच्या संदर्भात. वाच्यार्थाहून भिन्न, प्रसंगी त्याच्या नेमका उलट असा अर्थ शब्दांतून प्रतीत होतो, हे त्याने दाखविले. हा सिद्धान्त एके दिवशी ग्राहक कायद्याचा विषय होईल, असे कोणाच्या स्वप्नीही आले नसेल. मद्य व तंबाखू यांच्या जाहिरातींस केबल दूरचित्रवाणीवर मनाई झाली, आणि २००३ साली तंबाखूविषयी स्वतंत्र कायदा आला. त्यानंतर सोडावॉटर, संगीताच्या ध्वनिफिती, खेळांच्या स्पर्धा यांच्या जाहिराती दिसत राहिल्या, त्या मद्याच्याच नावांनी. वाच्यार्थ सोड्याचा, प्रतीयमान अर्थ मद्याचा. कायद्याने वाच्यार्थाला प्रतिबंध केला होता. व्यंजनेला तो पकडू शकत नव्हता. २०२२च्या तत्त्वांत अशा प्रतिनिधी-जाहिरातींवर नावानिशी बंदी आली. म्हणजे शब्दाचा अर्थ त्याच्या वाच्यार्थापाशी संपत नाही, हे शासनालाही मान्य करावे लागले.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. जाहिरातीत ध्वनी आहे, अलंकार आहेत, क्वचित रसाचा आभासही आहे. मग काव्य आणि जाहिरात यांत भेद कोणता? मम्मटाने काव्याच्या उपदेशास कान्तासंमित म्हटले. वेद स्वामीप्रमाणे आज्ञा करतात, पुराणे मित्राप्रमाणे सांगतात, आणि काव्य प्रियेप्रमाणे मन वळविते. या लक्षणापुरते पाहिले तर जाहिरात काव्याच्याच पंक्तीस बसते. किंबहुना तिघांचाही स्वर ती काढू शकते. पांढरा अंगरखा घालून ती वैद्याप्रमाणे आज्ञा करते, ललिताजीच्या रूपाने शेजारणीप्रमाणे सल्ला देते, आणि धबधब्याखाली प्रियेप्रमाणे मोह घालते.

भेद उपदेशाच्या रीतीत नाही, तो आस्वादाच्या शेवटी आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादाचे वर्णन करताना साधारणीकरण व विश्रांती या दोन गोष्टींवर भर दिला. रंगभूमीवरचा शोक माझा नाही, शत्रूचा नाही, मित्राचा नाही. व्यक्तिगत संबंधांतून मुक्त झाल्यामुळेच त्याचा आस्वाद घेता येतो, आणि तो आस्वाद स्वतःतच विसावतो. त्याला पुढे काही करावयाचे नसते. जाहिरात या प्रवासाचा पूर्वार्ध प्रामाणिकपणे करते. धबधब्याखालील आनंद क्षणभर सर्वांचा होतो. घरी परतणाऱ्या सैनिकाला पाहून डोळ्यांत येणारे पाणी क्षणभर निर्हेतुक असते. आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावर वस्तूचे चिन्ह येते. सर्वांचा झालेला भाव पुन्हा ‘माझा’ होतो, विश्रांतीच्या जागी वासना येते, आणि रस म्हणून जे उगवले होते ते लौकिक इच्छा म्हणून मावळते. जाहिरात साधारणीकरण घडविते ते मोडण्यासाठीच. तिच्यातील भाव खोटा असतो असे नाही. पुष्कळदा तो खराच असतो. तो पुरा होऊ दिला जात नाही, ही तिची वाङ्मयीन दृष्ट्या हानिकारक बाजू होय. अर्ध्यावर तोडलेल्या भावांची सवय लागलेल्या मनाला पूर्ण रसाची धीराने वाट पाहता येईल काय, ही चिंता नाटककाराची आहे, कवीची आहे, आणि म्हणून समीक्षकाचीही आहे.

५

हे सर्व परीक्षण बाजाराच्या वाणीचे झाले. परंतु हीच कसोटी साहित्यव्यवहारास लावली असता काय दिसते? पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर हा शुद्ध अर्थवाद असतो. ‘मराठी कादंबरीला नवे वळण देणारी’ ही स्तुती; ‘साचेबंद लेखनाच्या गर्दीत उठून दिसणारी’ ही निंदा; अमक्या मान्यवरांनी गौरविलेली, ही परकृती; संतपरंपरेशी नाते सांगणारी, हा पुराकल्प. चारही प्रकार एका परिच्छेदात सामावतात. मलपृष्ठाचा विधी तरी उघड आहे; पुस्तकाची किंमत तेथेच छापलेली असते. खरी अडचण प्रस्तावनेत आणि परीक्षणात आहे, कारण तेथे वाचक समीक्षकाला आप्त मानून येतो. ज्याने पुस्तक साक्षात वाचले आहे, आणि जसे वाटले तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तोच तेथे बोलतो आहे, अशी त्याची श्रद्धा असते. यांपैकी एक अट जरी सुटली, तरी परीक्षण जाहिरातच ठरते. आणि ते बाजारातील जाहिरातीहून अधिक हानी करते, कारण बाजारात वाचक सावध असतो, येथे नसतो.

जाहिरातीतील आवाहने ओळखण्याचे शिक्षण शाळांतून द्यावे असे आता अनेक देशांत मानले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ओळखणे म्हणजे अविश्वास शिकविणे अशी समजूत करून घेणे धोक्याचे होईल. शब्दमात्रावरचा विश्वास उडाला तर जाहिरातीचे फारसे बिघडत नाही, तिच्यापाशी चित्रे आहेत व सूर आहेत. बिघडते ते साहित्याचे, कारण त्याच्यापाशी शब्दाखेरीज दुसरे काही नाही. म्हणून लुप्त विधी शोधून काढणे, स्तुतीचा विधेयाशी अन्वय तपासणे, आणि बोलणाऱ्याचा अधिकार किती हे पाहणे, ही शिस्त शब्दावरील विश्वास राखण्यासाठी आहे. मीमांसकांनी अर्थवादाला निरर्थक ठरवून टाकून दिले नाही. त्याची जागा कोणती, हे त्यांनी निश्चित केले. जाहिरातीच्या बाबतीत हेच काम समीक्षेकडे येते. ते करण्याचा अधिकार मात्र, स्वतःच्या वाक्यांतील विधी उघडा ठेवणाऱ्या समीक्षेलाच पोहोचतो.